माहीत नसलेला मांगर

बारा लाइफ जॅकेटं, नारिंगी. त्यातलं एक कधीच ओलं होत नसे.

घर, खोली, आवार, जागा, जनावर किंवा वाहन.

नागपूरच्या एका पाहुण्याने घावणे खाता खाता विचारलं, समुद्राकडच्या त्या खोपटात मिळतो तो माल इथलाच की बाहेरून येतो?

ओसरीवरची खुर्ची जानेवारीपर्यंत पश्चिमेला तोंड करून होती.

'व्हय म्हाराजा' म्हणायला विचार करावा लागत नाही. लाट आली की गुडघे आपोआप वाकतात, तसं ते तोंडातून येतं.

*

आता नीट सांगायचं तर असं. देवबागेत एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये वाळूची अरुंद पट्टी. त्या पट्टीवर गुरुदास आणि नर्मदा यांचं घर. तीन खोल्या पाहुण्यांना, दोन स्वतःला. गुरुदास पंचवीस वर्षं मालवाहू जहाजांवर स्वयंपाकी होता. मुदपाकखान्यात इंजिनाच्या आवाजावर ओरडून ओरडून त्याचा आवाज असा झाला होता, की घरात तो कुजबुजला तरी शेजारी उत्तर देत.

घराच्या मागे माड. माड संपतात आणि वाळू सुरू होते तिथे मांगर, म्हणजे सामानाचं खोपट. पूर्वी त्यात जाळी आणि वल्ही असत. दोन वर्षांपासून तो सुदेशकडे होता. सुदेश म्हणजे तीन घरं पलीकडच्या हौसाबाईचा मुलगा, वय तीस. पाहुण्यांना तो समुद्रात पॅराशूटवर उडवी, रबरी केळ्यावर बसवून ओढून नेई. जॅकेटं मांगरात टांगलेली असत.

गेल्या दिवाळीपासून काही गिऱ्हाइकं पोहायचे कपडे न आणता येऊ लागली. मांगरात शिरत, दोन मिनिटांत बाहेर पडत, आणि समुद्राकडे पाठ करून निघून जात.

*

जानेवारीत ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सगळ्या होमस्टेवाल्यांना बोलावलं होतं. मालवणहून उपनिरीक्षक नम्रता मॅडम आल्या होत्या. गावचा पोलीस पाटील बाबली त्यांच्या शेजारी माइक धरून उभा होता, कारण माइकचा स्टँड लग्नाला गेला होता.

मॅडमनी कलम पंचवीस समजावून सांगितलं. जागेचा मालक, किंवा जागा ज्याच्या ताब्यात आहे तो, तिथे अमली पदार्थ विकले जातात हे माहीत असून विकू देत असेल, तर विकणाऱ्याला जी शिक्षा तीच त्याला. जागा म्हणजे काय, ते त्यांनी वाचून दाखवलं. घर, खोली, आवार असं करत त्या जनावरापर्यंत आल्या, तेव्हा मागून कोणीतरी विचारलं, रेड्याक म्हायत नसला तर? हॉल हसला. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, रेड्याला आम्ही विचारत नाही, मालकाला विचारतो.

गुरुदास हसला नाही. त्याच्या डोक्यात दोनच शब्द राहिले होते. माहीत असून.

घरी आला तेव्हा नर्मदा मागच्या पडवीत सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलत होती. तिला त्याने अख्खी सभा सांगितली, रेड्यासकट. मग म्हणाला,

"म्हायत आसला तर गुन्हो. माका काय म्हायत आसा? काय एक नाय."

"आणि माका?" नर्मदेने विचारलं.

"तुका कोण इचारता गो?"

नर्मदेने एका सुंगटाचं डोकं मांजराकडे टाकलं आणि पुढचं उचललं.

*

त्याच संध्याकाळी खुर्ची फिरली. बेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच गुरुदास खाडीकडे तोंड करून चहा पिऊ लागला. समुद्रावर जायचं असलं तर मांगराजवळून न जाता तो पाच घरांना वळसा घाली. नारळ पाडायला माणूस आला तर गुरुदास माडाच्या शेंड्याकडेच बघत राही, मान दुखेपर्यंत. नागपूरच्या पाहुण्याला त्याने सोलकढी कशी करतात ते सांगितलं, आमसुलं किती वेळ भिजवायची इथपासून.

तरी ते सोपं नव्हतं. न बघायचं तर नेमकं कुठे बघायचं नाही हे रोज सकाळी ठरवावं लागे, आणि ते ठरवायला आधी एकदा बघावं लागे.

सुदेशला सरळ विचारता आलं असतं. पण विचारलं आणि तो हो म्हणाला, तर? मग माहीत झालं. मांगर खाली कर असं सांगता आलं असतं. त्याने कित्याक म्हणून विचारलं असतं, आणि कारण सांगायला कारण माहीत असावं लागतं. शिवाय हौसाबाई. नर्मदेला टायफॉइड झाला आणि गुरुदास सिंगापूरच्या बंदरात अडकला होता, तेव्हा दीड महिना या घरातली चूल हौसाबाईने पेटवली होती.

दुपारी पडल्या पडल्या गुरुदासला दिसे, आपल्याला जीपमध्ये बसवताहेत, खोली क्रमांक दोनमधलं कुटुंब खिडकीतून बघतंय आणि त्यातली मुलगी मोबाइल वर धरतेय. त्याला घाम फुटे. चौसष्टाव्या वर्षी तुरुंगातलं जेवण जेवायचं, आणि तेही दुसऱ्याच्या हातचं, हे त्याला सगळ्यात वाईट वाटे.

*

मार्चअखेर वाडीची राखण आली.

दरवर्षी एका सकाळी वाडीतली माणसं वडाखालच्या राखणदाराच्या स्थळाजवळ जमतात. नारळ ठेवतात आणि एक गावकर सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतो. शिवेच्या आत जे जे आहे ते त्याला सांगायचं असतं, माणसं, होड्या, विहिरी, गुरं, आणि ज्याला जी पीडा असेल तीही. जे सांगितलं नाही त्याची राखण होत नाही, असा वाडीचा समज आहे. म्हणून लपवायचं नसतं. आणि प्रत्येक वाक्यामागे सगळ्यांनी एका आवाजात होकार द्यायचा असतो.

या वर्षी गाऱ्हाणं घालणाऱ्या वडील गावकराचा घसा बसला. लोकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि गुरुदासला पुढे ढकललं. आवाजामुळेच.

"बा राखणदारा म्हाराजा, आज ही तुजी लेकरां तुज्यासमोर उभी आसत!"

"व्हय म्हाराजा!"

"दर्यात जातत तेंका दर्यात सांभाळ, खाडीत जातत तेंका खाडीत सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!"

गुरुदासला मजा येऊ लागली. तो एकेक घर घेत चालला. कोणाची विहीर मचूळ झाली होती, कोणाच्या सुनेचे दिवस भरत आले होते, कोणाच्या होडीला भोक पडलं होतं. चाळीस माणसं मागून आधार देत होती. डोळे मिटलेले, हात जोडलेले. मग स्वतःचं घर आलं. घर सांगितलं, विहीर सांगितली, माड सांगितले. मांगर आला. तो गाळला तर मांगराची राखण होणार नाही, हे त्याला कळत होतं, आणि जीभ तर थांबायलाच तयार नव्हती.

"आणि म्हाराजा, माज्या मांगरात ह्यो सुदेश गांजो इकता, तेका सुबुद्धी दी, आणि माज्या मानेवरचा ह्या संकट दूर कर!"

"व्हय म्हाराजा!"

चाळीस आवाज. त्यात सर्वांत खणखणीत आवाज मागच्या रांगेतून आला. तो सुदेशचा होता.

मग एकेक डोळा उघडला. पोलीस पाटील बाबलीने आपले जोडलेले हात पाहिले, जसे काही ते दुसऱ्याचेच होते. पण गाऱ्हाणं अर्ध्यावर सोडता येत नाही. गुरुदासने घामाघूम होत उरलेल्या अकरा घरांच्या पीडा सांगितल्या. होकार येत राहिला, जरा बारीक आवाजात.

नारळ फुटल्यावर बाबली जवळ आला. हळू बोलला.

"काकानू, आता माका म्हायत झाला. म्हणजे माका ठाण्यार कळवूक व्हया. मी आंघोळ करतलंय, न्याहारी करतलंय, मगे जातलंय. तुमी माज्या आधी पोचा."

गुरुदासने स्कूटर काढली. न्याहारी न करता.

*

ठाण्यात नम्रता मॅडमनी त्याचं शांतपणे ऐकून घेतलं. त्याने स्वतःहून येऊन खबर दिली, याची नोंद केली. मग त्यांनी मांगराचा सातबारा मागितला. कोणाच्या नावावर आहे?

नर्मदेच्या, गुरुदास म्हणाला. ती जमीन नर्मदेला तिच्या वडिलांनी दिली होती. हे त्याला अर्थातच माहीत होतं. पण तीन महिने स्वतःला आंधळा करून घेताना, मालकाला विचारतो म्हणजे नर्मदेला विचारतो, हे त्याच्या एकदाही ध्यानात आलं नव्हतं. त्याचं न बघणं कायद्याच्या अर्ध्याच उपयोगाचं होतं. उरलेला अर्धा भाग रोज सकाळी मांगरामागच्या दोरीवर कपडे वाळत घालायला जात होता.

दुपारी पोलीस देवबागेत पोहोचले. सुदेश पळाला नव्हता. मांगराच्या दारात बसला होता. अकरा जॅकेटं ओली होती, बारावं कोरडं. त्याच्या अस्तरात पुड्या होत्या, सगळ्या मिळून तीनशे चाळीस ग्रॅम. पळालास का नाहीस, असं एका शिपायाने विचारलं, तेव्हा तो म्हणाला की मी पण व्हय म्हटलंय ना, आता खंय जाऊ.

संध्याकाळी नर्मदेने ट्रंकेच्या तळातून सातबारा काढला आणि गुरुदाससमोर धरला.

"तुका कोण इचारता, म्हणालेलास."

"चुकलंय."

"आता इचारतत."

रात्रीचं जेवण होईपर्यंत त्याने आणखी चार वेळा चुकलंय म्हटलं. चौथ्या वेळी ती म्हणाली, पुरे, कढी निवता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्मदेचा जबाब. ती इस्त्रीची साडी नेसून, पोलीस ठाण्यात चालेल अशी मराठी बोलत बसली. शेजारी गुरुदास, भिंतीला टेकून बाबली.

"मांगरात काय चालतं, हे तुम्हाला पहिल्यांदा कधी समजलं?"

खोलीतला पंखा करकरत होता. नर्मदा खोटं बोलत नसे. बेचाळीस वर्षांत त्याच्या एकाही रश्श्याला तिने उगीच बरं म्हटलं नव्हतं.

"काल सकाळी," नर्मदा म्हणाली. "राखणीच्या वेळी. यांनी गाऱ्हाण्यात सांगितलं तेव्हा. सगळ्यांबरोबर मीही होय महाराजा म्हटलं."

गुरुदासने तिच्याकडे पाहिलं. मग पंख्याकडे.

मॅडमनी लिहिता लिहिता बाबलीला विचारलं, या तिथे होत्या?

"सगळी वाडी होती, मॅडम," बाबली म्हणाला.

मॅडमनी पान उलटलं आणि सही कुठे करायची ते दाखवलं.

*

खटला सुदेशवर आहे. गुरुदास आणि नर्मदा साक्षीदार आहेत. सुदेशला चार दिवसांनी जामीन मिळाला. तो आता देवगडला मामाच्या बागेत हापूसच्या पेट्या भरतो, आणि बाबली सांगतो की पेंढा छान लावतो. हौसाबाई आठ दिवस बोलली नाही. नवव्या दिवशी तिच्या घरून तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, सुक्याची वाटी आली. नर्मदेने ती रिकामी परत पाठवली नाही, त्यात आमसुलं घातली.

मांगरात पुन्हा जाळी आली आहेत, आणि पाहुण्यांच्या मुलांसाठी दोन सायकली. दाराला कुलूप आहे, किल्ली नर्मदेच्या कमरेला. दिवसातून एकदा ती मांगर उघडते, आत बघते, बंद करते. गुरुदासही तिच्या मागोमाग जातो आणि कोपरान् कोपरा बघतो. त्याला बघायला फार आवडू लागलं आहे.

खुर्ची पश्चिमेला वळली. तिच्या शेजारी दुसरी आली. संध्याकाळी दोघं चहा घेऊन बसतात, समोर होड्या परतत असतात, खोली क्रमांक तीनमधलं कोणीतरी ओल्या पायांनी ओसरीवर वाळू आणतं आणि नर्मदा त्याला ओरडते. गुरुदासला एक प्रश्न विचारायचा असतो. तीन-चारदा तो ओठांपर्यंत येतो. पण न विचारण्याची सवय अशी तीन महिन्यांत लागते आणि मग सहजी सुटत नाही. शिवाय चहा चांगला असतो.

राखणीच्या दिवशी नर्मदा सकाळी सहाच्या एसटीने कुडाळला बहिणीकडे गेली होती, ती संध्याकाळी साडेपाचला परत आली.