डावीकडे झुकलेले टाके

माल परदेशी पाठवणाऱ्या एजंटचा फोन आला तेव्हा थोरला तोंडात टाचण्या धरून एका गिऱ्हाइकाचं कापड टेबलावर पसरत होता. तोंड बंद असल्यामुळे त्याला नुसतं "हं, हं" करता येत होतं, आणि एजंटला तेवढंच हवं असतं. त्या माणसाच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की समोरच्याने बोलायची गरजच उरत नाही.

"काका, तुमचे पडदे कस्टम्सनी अडवलेत. तपासणीच्या मशिनीत काहीतरी दिसलंय. खालच्या पट्टीत, गोल गोल, एका ओळीत."

थोरल्याने टाचण्या काढल्या आणि चक्क हसला. "अरे, चकत्या त्या! शिशाच्या. वजनाला घालतो."

नाटकाचा पडदा नुसता शिवून भागत नाही, तो पडावा लागतो. वाऱ्याने फुगता कामा नये, मध्येच लटकता कामा नये. म्हणून पडदे शिवणारे खालच्या पट्टीत शिशाच्या चपट्या चकत्या शिवतात आणि वरून असे टाके घालतात की कुणाला पत्ता लागू नये. दुकानात वडिलांच्या वेळेपासून तेच चालत आलं होतं; आता थोरला आणि धाकटा असे दोघे भाऊ ते सांभाळत होते. समुद्रापलीकडच्या एका छोट्या नाट्यगृहाचं काम मात्र पहिल्यांदाच मिळालं होतं.

"मग कागदात लिहायचं ना तसं!" एजंट ओरडला.

"कागद तू भरलेस."

"तुम्ही सांगितलं नाहीत म्हणून मी नुसतं 'कापडी पडदे' लिहिलं! आता त्यांना वाटतंय शिशाच्या आड सोनं बाहेर चाललंय. माल जप्त करतील, वर दंड ठोकतील. तुमच्यासमोर उसवणार आहेत. या लवकर."

सोनं म्हटल्यावर थोरल्याचं हसू मावळलं.

कारण धाकटा. धाकटा तरुणपणी परदेशात कामाला गेला होता आणि परत येताना कुणाच्या तरी भरीस पडून बॅगेच्या दांडीत सोन्याची पट्टी लपवून घेऊन आला होता. विमानतळावरच पकडला गेला. सोनं गेलं, दंड भरता भरता घर धुवून निघालं आणि हा तुरुंगात जाऊन आला तो वेगळाच. तो सुटला त्या दिवशी थोरला त्याला हाताला धरून थेट दुकानात घेऊन आला होता. "माझा याच्यावर पूर्ण विश्वास आहे," असं त्याने सगळ्या नातेवाइकांना छातीठोकपणे सांगितलं.

ते खरं नव्हतं. विश्वास असता तर पडद्यांची शेवटची पट्टी फक्त थोरल्यानेच घालायची, बांधाबांध फक्त थोरल्यानेच करायची, असा नियम दुकानात झाला नसता. संध्याकाळी धाकटा पिशवी खांद्याला लावून निघाला की थोरल्याची नजर त्या पिशवीवर जायची. धाकट्याला ते कळायचं. तो निघताना पिशवीचं तोंड मुद्दाम उघडं ठेवायचा. दोघेही त्याबद्दल कधी बोलले नाहीत.

आताही धाकट्याने मशीन थांबवलं. "काय झालं, दादा?"

"काही नाही. कस्टम्सला पडदे उसवून बघायचेत."

धाकट्याचा चेहरा एकदम पांढरा पडला. "मी येऊ?"

"नको."

थोरला निघाला तेव्हा त्याच्या बायकोने दोरा ओवलेल्या दोन सुया शर्टाच्या कॉलरखाली टोचून दिल्या. हे रोजचंच होतं. घाईत ओवत बसायला नको म्हणून, असं तो लोकांना सांगायचा. सुईचं नाक आपल्याला दिसेनासं झालंय, हे त्याने बायकोशिवाय कुणालाही सांगितलं नव्हतं. शिंप्याचे डोळे गेले हे गिऱ्हाइकाला कळलं की संपलंच सगळं. निदान त्याला तरी तसं वाटायचं.

कस्टम्सची शेड म्हणजे पत्र्याचं लांबलचक गोदाम. एका कोपऱ्यात जप्त केलेल्या मालाचा ढीग पडला होता. फुटलेल्या खोक्यांतून बुटांचे जोड बाहेर आले होते, आणि एका पिंजऱ्यासमोर "हात लावू नये" अशी पाटी होती. पिंजरा रिकामा होता. अधिकारी बाई सर्दीने हैराण झाल्या होत्या. नाक पुसत त्यांनी मशीनच्या स्क्रीनवरचं चित्र दाखवलं. पट्टीभर काळे ठिपके दिसत होते.

"शिसं असलं की मशीनला आरपार दिसत नाही," त्या म्हणाल्या. "चोरटा माल नेणाऱ्यांनाही ते माहीत असतं. चकतीच्या पोटात सोनं भरून वरून शिशाचा पातळ मुलामा दिलेला मी स्वतः पकडलाय. त्यामुळे तुम्ही शिसं म्हणालात आणि मी मान डोलावली, असं नाही व्हायचं."

"बघा ना, मॅडम. खुशाल बघा."

हे तो अगदी मनापासून म्हणाला. मग बाईंनी एक पडदा टेबलावर पसरला, पट्टीवरून बोटं फिरवत फिरवत एका टोकाला आल्या आणि थांबल्या.

"इथली शिवण वेगळी आहे. नंतर उसवून पुन्हा घातली का?"

थोरला वाकला. पार नाक कापडाला लागेपर्यंत वाकला. टाके बारीक होते, सुरेख होते आणि डावीकडे झुकलेले होते.

त्याचे टाके उजवीकडे झुकतात. वडिलांचेही तसेच झुकायचे. आख्ख्या घरात डावखुरा एकच.

थोरल्याच्या पायाखालची जमीन सरकली. गाढवा, पुन्हा? एवढं सगळं होऊन पुन्हा? आधी त्याला असा संताप आला की धाकटा समोर असता तर त्याच्या कानाखाली वाजवली असती. आणि मग तो सुटून आला त्या दिवशीचा त्याचा चेहरा आठवला. दुकानाच्या उंबऱ्याशी उभा होता, आत येऊ का असं विचारत. हा पुन्हा आत गेला तर परत येणार नाही. आला तरी माणूस म्हणून येणार नाही.

एजंट कानाला लागला. "काका, काही असेल तर आत्ताच बोला. आधी सांगितलं तर दंडावर भागतं. उसवल्यावर निघालं तर मी तुम्हाला ओळखत नाही."

"ही शिवण कोणाची?" बाईंनी विचारलं.

"माझी."

"नीट आठवा. आत काही निघालं तर जबाबदारी शिवणाऱ्याची. माल जप्त होईल, दंड होईल, आणि तेवढ्यावर थांबणार नाही."

"माझीच आहे, मॅडम. संध्याकाळी हात थकतो, मग टाका फिरतो."

आयुष्यात इतकं बेधडक खोटं तो कधी बोलला नव्हता. बाईंनी त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं आणि कात्री पुढे सरकवली. "मग तुम्हीच उसवा."

त्याने उसवायला घेतलं.  पहिली चकती टेबलावर पडली. बाईंनी ती पात्याने खरवडली, मग पात्यावर जोर देऊन सरळ दोन तुकडे केले. आत करडं, बाहेर करडं. दुसरी कापली, तीही तशीच. तिसरी. पुढच्या प्रत्येक चकतीला थोरल्याचा श्वास अडकायचा आणि ती कापली गेली की सुटायचा. शेवटची चकती पट्टीच्या टोकाला होती. तिचेही दोन तुकडे झाले. शिसं. निव्वळ, काळपट, बोटं मळवणारं शिसं.

"शिसंच आहे की हो," बाई म्हणाल्या आणि जोरात शिंकल्या.

थोरल्याचा जीव भांड्यात पडला. तो जवळच्या खोक्यावर मटकन बसला आणि त्याला हसू फुटलं, ते थांबेचना. एजंटही हसायला लागला. "मी म्हणतच होतो, मॅडम, अत्यंत सज्जन माणूस! माझ्या घरच्यासारखे आहेत!"

बाईंनी एजंटला मात्र चांगलं फैलावर घेतलं. पट्टीत काय आहे ते कागदात नीट लिहायचं, पुन्हा असं झालं तर दंड त्याच्याकडून वसूल होईल, असा दम भरला. मग थोरल्याकडे वळून जरा हळू आवाजात म्हणाल्या, "या चकत्या मिळतात कुठे? आमच्या बैठकीतला पडदा पंख्याखाली सारखा तोंडावर येतो."

कापलेल्या चकत्यांचे दोन-दोन तुकडे जोडीने तसेच पट्टीत घालून थोरल्याने कॉलरखालच्या सुया काढल्या आणि तिथेच बसून ती शिवली. पडदे सुटले.

परत आला तेव्हा धाकटा दुकानाच्या पायरीवर उभा होता. कामाला हात लावलेला दिसत नव्हता.

"सुटले," थोरला म्हणाला.

धाकट्याने डोळे मिटून भिंतीला पाठ टेकली. "माझं नाव निघालं का?"

"नाही. मी निघू दिलं नाही." थोरला त्याच्या समोर उभा राहिला. "पट्टी का उसवलीस?"

धाकट्याने आतल्या दाराकडे पाहिलं. आतून वहिनीचा आवाज आला, "सांगून टाका हो भाऊजी आता."

"एका टोकाच्या चकत्या चुकल्या होत्या, दादा. काही कप्प्यांत दोन-दोन, काही रिकामेच. टांगून बघितला तर पडदा तिरका पडत होता. तू जेवायला गेलास तेव्हा तेवढी पट्टी उसवली आणि सारख्या अंतरावर घातल्या. तुला सांगितलं असतं तर डोळ्यांचा विषय निघाला असता. तू तो कुणाजवळ काढत नाहीस."

"मला वाटलं..." थोरल्याने रिकामी कॉलर चाचपली. मग त्याने बोलूनच टाकलं. "मला वाटलं तू पुन्हा सोनं घातलंस."

"ते वाटणारच," धाकटा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच थोरल्याला जास्त लागलं. "पण मग शिवण कुणाची म्हणून सांगितलीस?"

"माझी."

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. "सोनं आहे असं वाटत असताना?"

 थोरला आत जाऊन आपल्या जागेवर बसला. टेबलावर सकाळचं कापड तसंच पसरलेलं होतं. त्याने डबीतून एक सुई घेतली, रिळाचा दोरा तोडला, आणि दोन्ही हात धाकट्यापुढे धरले.

"ओवून दे."

धाकट्याने सुई उजेडाला धरली आणि एका झटक्यात ओवली. ती परत द्यायला गेला तर थोरल्याने हात मागे घेतला होता.

"ठेव तुझ्याकडेच. पट्टी आता तू घालायची. या कापडाची आणि पुढच्या सगळ्यांची."

"माझा टाका डावीकडे झुकतो, दादा. उद्या कुणी विचारलं तर?"

"झुकू दे," थोरला म्हणाला. "विचारलं तर खरं सांगू. म्हणावं, भावाची आहे."

धाकटा खाली बसला. खांद्याला अडकवलेली पिशवी त्याने काढून खुंटीला लावली. तिचं तोंड बंद होतं.