खिळ्यावरची दोरी

काशिरामशेटची पांढरी लांबडी गाडी गाळ्यासमोर उभी राहिली तेव्हा निशाच्या एका हातात टेस्टर होता आणि दुसऱ्या हाताने ती झोळीला झोका देत होती. झोळीत दहा महिन्यांची चिऊ. दात येत होते म्हणून सकाळपासून किरकिर, आणि आत्ता कुठे तिने डोळे मिटले होते. अशा वेळी दारात कुणी हॉर्न वाजवला तर निशा त्याला जागच्या जागी झापायची. पण गाडी बघितली आणि तिचा हात झोळीवरच थांबला.

गाडीचा नंबर तिच्या लक्षात नव्हता. लक्षात होतं ते पुढच्या मडगार्डवरचं काळं बोंड. रेडिओची एरियल पूर्ण आत गेली की तिच्या टोकाचं हे बोंड पत्र्याला टेकायला हवं. ते टेकलेलं नव्हतं. बोटभर वर, एका अंगाला कललेलं. नऊ वर्षांपूर्वी ती याच बोंडाकडे बघत उभी होती, कारण बापाच्या तोंडाकडे बघायची तिची छाती झाली नव्हती.

तेव्हा ती चौदाची. चिरनेरला तिच्या बापाचं, आनंदाचं, रस्त्याकडेला दुकान होतं. गाडीचं वायरिंग म्हटलं की आसपासच्या पाच गावांत आनंदाचंच नाव निघायचं. काशिरामशेटच्या भावेशचं लगीन निघालं. रेडिओ लावला की आपोआप वर चढणारी आणि बंद केला की आत जाणारी एरियल तेव्हा सगळ्या गावात एकच, आणि शेटला ती वरातीत चारचौघांना दाखवायची होती. ती अडखळायला लागली म्हणून हळदीच्या दिवशी आनंदाला बोलावणं गेलं. त्याने दिवस मोडून एकेक नळी पुसली, दोनच थेंब तेल दिलं आणि एरियल सुतासारखी चालती करून दिली. दुसऱ्या दिवशी भर लग्नात ती आत जाता जाता खरखर करून बोटभर बाहेर अडकली आणि वाकली.

आनंदा त्या वेळी पंगतीत होता. एका बाजूला निशा, दुसऱ्या बाजूला तिची आई. भाताचा पहिला घास त्याने तोंडात घातला होता.

"ऊठ रे चोरा!" शेट मांडवातूनच ओरडत आला. "चांगली मोटर काढून भंगारातली घातलीस. आणि वर माझंच खायला बसलास? ऊठ पानावरना!"

आनंदा उठला. कुणी तांब्या पुढे केला नाही. बाहेर गाडीजवळ नेऊन शेटने त्याला आणखी दहा माणसांत सुनावलं. मग उजवा हात अंगापासून लांब धरून, त्यावर भात वाळत चाललेला, तो घरापर्यंत चालत गेला. वाटेत दोन नळ लागले. एकावरही थांबला नाही.

ज्याला भर मांडवात चोर म्हटलं त्याच्याकडे गाडी कोण सोडतो? वर्षभरात दुकानाची फळी कायमची लागली आणि आनंदा उरणच्या बाजूला एका कंटेनर यार्डाच्या गेटवर शिट्टी घेऊन उभा राहायला लागला. तेही निशाने गिळलं असतं. पण त्या दिवसानंतर तो कुठल्याच लग्नात पानावर बसला नाही. निशाच्या लग्नात वाढप्यासारखा फिरत राहिला. "मागनं बसतो गो, मागनं," म्हणता म्हणता मांडव सुटला तरी बसला नाही. चिऊच्या बारशाला आला, नातीला मांडीवर घेतलं, आणि जेवणाच्या वेळी त्याला अचानक ड्युटी आठवली.

आता निशा रोडपालीची सून. नवरा अवधूत ट्रेलरवर, आठवड्यातून दोनदा घरी टेकणार. सासऱ्यांचा रस्त्यावरचा गाळा रिकामा पडला होता, तिथे तिने बापाची हत्यारं मांडली. सुरुवातीला लोक येऊन विचारायचे, "मिस्त्री कुठं गेला?" आता विचारत नव्हते.

काशिरामशेट गाडीतून उतरला. पोट वाढलं होतं, केस काळे केलेले होते. आवाज तोच.

"बाय, मालक कुठाय?"

"मीच."

त्याने तिच्यावर, मग झोळीवर, मग भिंतीवरच्या पान्यांवर नजर फिरवली. "कोणाची सून तू?"

"शिवा पाटलांची."

"हां, शिवाची! चांगला माणूस." शेटचं समाधान झालं. लग्न झालेल्या बाईला लोक कुणाची सून एवढंच विचारतात. कुणाची लेक, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. निशाला या गोष्टीचा नेहमी राग यायचा. आज पहिल्यांदा बरं वाटलं.

गाडी चालवत आणली होती ती उरणच्या झुबेरभाईने. मस्कतला दहा वर्षं काढून परत आलेला माणूस, गाडी विकत घेणार होता. "ताई, गाडी एक नंबर आहे," तो म्हणाला, "पण एरियल चालली तरच घेणार. मला गाडीत रेडिओ लागतो म्हणजे लागतोच. शेटना सांगून ठेवलंय."

"मग नऊ वर्षं अशीच ठेवली होय काका?" निशाने विचारलं.

"काय करणार? पोराच्या लग्नात गावातल्या एका भुरट्यानं मोटर बदलली. तवापासनं फ्यूज काढून ठेवलाय."

"कोण भुरटा?"

"आता नाव कोण लक्षात ठेवतो? होता कोण तरी."

निशाने बॉनेट उघडलं आणि त्याच्या आड तोंड घातलं. तिचे कान तापले होते. तिच्या माहेरी नऊ वर्षं रोज जेवणाच्या वेळी ज्या माणसाचं नाव कुणी काढत नव्हतं, कारण काढलं की बाप ताटावरून उठायचा, त्या माणसाला तिच्या बापाचं नावसुद्धा आठवत नव्हतं! तिच्या मनात आलं, एरियलची वायर ब्रेकच्या दिव्याला जोडून द्यावी. ब्रेक दाबला की वर, सोडला की खाली. पनवेलच्या भर बाजारात नाचेल. पण गाडी तर झुबेरभाई घेणार होता. नाचायला हवा होता शेट.

"काका, आत बसा," ती म्हणाली. "या कामाला दोन माणसं लागतात. मी सांगते तवा रेडिओ लावायचा, मी सांगते तवा बंद करायचा. मधी हात लावायचा नाय."

नवीन फ्यूज बसवला. "लावा."

मडगार्डच्या पोटात घुर्रर्र झालं, दहाएक सेकंद चाललं आणि टक करून थांबलं. बोंड जागचं हललं नाही.

"बंद करा." पुन्हा घुर्रर्र, पुन्हा टक.

"मोटर जिवंत हाय," निशा झुबेरला म्हणाली. "मोटर फिरते आणि काडी हलत नाय, म्हणजे मधली दोरी तुटली. नायलॉनची दातेरी दोरी असते आत. तीच काडीला वर ढकलते, तीच खाली ओढते."

चाकाच्या आतलं झाकण काढून तिने बॅटरीचा उजेड मारला. मोटरच्या स्क्रूंवर कारखान्याने लावलेले हिरव्या रंगाचे ठिपके जसेच्या तसे होते. एकाचीही खपली उडालेली नव्हती. "भाई, जरा बघा. ही मोटर कुणी कधी उघडलेली वाटते?"

झुबेर वाकला. "नाही बा. कंपनीची आहे तशीच आहे."

"असेल," शेट आतून म्हणाला. "बाय, तू काम बघ."

निशाने वरचा गंजका नट सोडवला, वाकडी काडी दोन्ही हातांत धरली. "लावा." मोटर फिरली, काडी तसूभर सुटली. ती ओढत राहिली. नळीच्या तोंडाशी काहीतरी दाटून बसलं होतं. एका हिसक्याला काडी बाहेर आली, खाली दोरीचा तुटका तुकडा, आणि वरच्या बारीक नळीला गच्च आवळलेला एक बोळा. काळा, तेलकट. तिने अंगठ्याने घासला. आत लाल रेशीम होतं आणि जरीच्या तारा.

तुरा!

एका क्षणात तिला तो दिवस दिसला. वरात निघायच्या आधी शेट टाचा उंचावून एरियलच्या टोकाला भावेशच्या फेट्याचा तुरा बांधत होता. "नवरदेवाला तुरा, मग गाडीला नको?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. निशानेही. मग कुणीतरी रेडिओ बंद केला, मोटरने तुऱ्यासकट काडी आत ओढली, गाठ नळीत अडकली आणि दोरी तुटली. तुरा कुठे गेला हे त्या गडबडीत कुणाच्या डोक्यात आलं नाही. चोर सापडला होता ना.

तिने बोळा मुठीत घेतला, झोळीपाशी गेली आणि चिऊच्या उशाखाली सारला. चिऊ झोपेत हसली.

मग तिने बापाला फोन लावला. "बाबा, घरात खिळ्यावर टांगलेली दोरी घेऊन या."

ती दोरी आनंदाने भावेशच्या लग्नानंतर आठवड्याभरात मुंबईला जाऊन शोधून आणली होती. शेट कधीतरी बोलावील, मग दोन मिनिटांत बसवून देऊ, म्हणून. प्लास्टिकच्या पिशवीत ती नऊ वर्षं खिळ्यावर होती. ती दोरी बसेल अशी दुसरी गाडीच गावात नव्हती.

"येतो," आनंदा म्हणाला.

"दोरी उरणकडनं येतेय," निशाने बाहेर येऊन सांगितलं. "दोन तास तरी लागतील. तवर जेवून घ्या. शिवा पाटलांच्या दारातनं कोण उपाशी जात नाय."

गाळ्यापुढच्या सावलीत तिने चटई घातली. तांदळाची भाकरी, वांग्यातली सुकट, गरम भात. शेजारचे टायरवाले, समोरचा चहावाला, सगळ्यांना दिसेल अशी पंगत. दोघांच्या हातावर तिने स्वतः पाणी घातलं. शेट खुशीत होता. भात कालवता कालवता म्हणाला, "शिवानं सून भारी आणली."

त्याने पहिला घास तोंडात घातला. निशाने तो गिळू दिला. मग झोळीतून बोळा काढून आणला आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

"काका, वळखता काय?"

शेटने वाकून बघितलं. डाव्या हाताने उलटा केला. जरीची एक तार चमकली. दुसरा घास हातातच राहिला.

"तुमच्या भावेशच्या फेट्याचा. तुमीच बांधलेला एरियलला. नळीत निघाला. त्याच्यानं दोरी तुटली. मोटर कुणी बदलली नव्हती. आता उठा."

"काय?"

"उठा पानावरना."

चहावाल्याने गाळणी हातातच धरली. शेटने आजूबाजूला बघितलं, सगळे त्याच्याकडेच बघत होते. गुडघ्यावर हात टेकून तो उठला. उजवा हात भाताने माखलेला, अंगापासून लांब.

"तू... आनंदाची लेक?"

"आठवलं की नाव."

"बाय, पाणी दे हातावर."

"माझ्या बापाला कुणी दिलं होतं?"

झुबेरने घास ताटात ठेवला. "भाई, तुमी जेवा," निशा म्हणाली, "तुमचं यात काय नाय."

शेट गाडीकडे वळला. दार उघडलं, पण चावी झुबेरच्या खिशात होती. "शेट, थांबा," झुबेर शांतपणे म्हणाला. "गाडी घेईन तर ताईंच्या हातची दुरुस्त झालेली घेईन. निघून जायचं असेल तर जा. पण मग उरणात मला लोक विचारतील, व्यवहार का मोडला. मी खोटं बोलत नाही."

शेट थांबला. बॉनेटला टेकून, हात तसाच लांब धरून, उन्हात. भात वाळला, मग तडकला. निशाने चिऊला अंगावर घेतलं आणि सावलीत बसून त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं होतं, कुठेतरी आत टोचेल. काही टोचलं नाही.

अडीचच्या सुमारास आनंदा रिक्षातून उतरला. यार्डाचा निळा शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी. गाडी बघून तो जागीच थबकला. निशाने तुरा त्याच्या तळहातावर ठेवला. "नळीत निघाला, बाबा. यांनीच बांधलेला."

आनंदाने तो बोटांत फिरवला. "म्हणूनच," तो हळूच म्हणाला. "मी नऊ वर्षं इचार करतोय, माझ्या हातनं काय राह्यलं." त्याने तुरा बॉनेटवर ठेवला. मग त्याला शेटचा हात दिसला. त्या हाताकडे त्याने बघितलं, मग लेकीकडे. तिला वाटलं, आता पाणी मागेल आणि सगळं धुऊन टाकील.

त्याने पिशवी सोडली. दोरीला नवीन काडी होती. तिचे दात त्याने नखाने तपासले, दोरी नळीत सोडली, मडगार्डला कान लावला.

"आत बस, काशिराम," तो म्हणाला. शेट नाही, काहीच नाही. "मी सांगतो तवा बंद कर. आणि बटन डाव्या हातानं दाब. चिकट व्हईल."

चहावाला फसकन हसला. शेट आत बसला.

"बंद कर."

मोटरने दोरीचे दात पकडले. काडी सरसर आत गेली, एकेक नळी दुसरीत शिरली, आणि बोंड पत्र्याला अलगद टेकलं. "लाव." वर. "बंद कर." खाली. "लाव." आनंदाला तिसऱ्यांदा बघायची गरज नव्हती, चौथ्यांदा तर नव्हतीच. त्याने सात वेळा बघितलं. दर वेळी शेटचा डावा हात बटणाकडे गेला.

मग आनंदाने फडक्याला हात पुसले आणि चटईकडे बघितलं.

"निशा, भूक लागली गो. वाढतेस काय?"

ती उठली. चिऊला कडेवर घेऊन तिने तांब्या उचलला आणि बापाच्या हातांवर धरला. गाडीतला उष्टा हात आशेने जरासा पुढे आला होता. निशा ओतत राहिली, बापाची बोटं, तळवे, मनगटं, आणि तांब्यात थेंब उरला नाही तेव्हाच तो तिने खाली ठेवला.