हात धुवा आता

चित्र संपलं हे मला कधीच कळलेलं नाही. सुरू कसं करायचं, तेही खरं तर कळत नाही, पण ते हात बघून घेतो. मी डोळे मिटून खोक्यातली एखादी ट्यूब उचलतो, मग ती शेवाळी निघो नाहीतर विटकरी, आणि कॅनव्हासला पहिला डाग लावून मोकळा होतो. तो नावडता असला तर उत्तम. त्याच्याशी भांडायला दुसरा लागतो, त्यांचं भांडण सोडवायला तिसरा. मध्येच कॅनव्हास उलटा करतो, आडवा करतो. आमची लेक म्हणायची, "बाबा, पाहुण्यांनी मान कुठल्या बाजूला वाकडी करायची, ते तरी खाली लिहून ठेवा."

थांबायचं कधी, ते बायको सांगायची. ती गणिताची शिक्षिका. चित्रातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, असं चारचौघांत बिनधास्त सांगायची. पण वह्या तपासता तपासता मान वर करायची, दारातून कॅनव्हासकडे बघायची आणि म्हणायची, "हात धुवा आता." की चित्र संपलं. एकदोनदा मी हट्टाने पुढे रेटलं आणि चित्राचं वाटोळं केलं. त्यानंतर कधी वाद घातला नाही, ब्रश टाकून मुकाट बेसिनपाशी जायचो. जन्मभर लोकांनी माझ्या अंतःप्रेरणेचं कौतुक केलं. अंतःप्रेरणा कसली डोंबलाची, ती पलीकडच्या खोलीत लाल पेनाने गुण देत बसलेली असायची.

गेल्या हिवाळ्यात तिला झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "कधी समजेल त्यांना, कधी नाही." मी ईझल उचलून तिच्या पलंगासमोर आणलं. प्रत्येक चित्राच्या वेळी विचारायचो, "झालं का गं?" ती खिडकीकडे बघायची. नाहीतर मान हलवायची, चहा हवा का विचारल्यावर हलवायची तशीच. शेवटी मी विचारणं सोडलं. तेव्हापासून एकही चित्र धड झालेलं नाही. रंगावर रंग थापत जातो आणि सगळ्यांचा मिळून चिखल होतो. खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलेत ते सगळे चिखल.

काल सकाळी मात्र हात चालला. हात पुढे, मी मागे. पिवळट राखाडीचा रुंद पट्टा पत्र्याच्या तुकड्याने ओढला, तेव्हा खालचा तांबडा कडेला जरासा उरला. मी ठेवला नव्हता, तोच राहिला होता. पुसायला बोळा उचलला आणि हात अडला. झालं का हे? विचारायचं कुणाला?

तेवढ्यात मागे टकटक झाली. ती डाव्या हाताने पलंगाची कड वाजवत होती. तहान लागली असेल म्हणून पेला भरून तिच्या तोंडाशी नेला. तिने तोंड फिरवलं. डावा हात पेल्यात घातला, बोटं बुडवली आणि ती चादरीवर घासायला लागली. पेला कलंडला, चादर चिंब झाली.

"अगं काय हे! लहान आहेस का?" मी खेकसलो. तिने पुन्हा बोटं ओल्या चादरीवर घासली. "पुरे कर ना!" तिचा हात धरून मी बाजूला ठेवला, चादर बदलली आणि धुसफुसत ईझलपाशी आलो.

त्या तांबड्या कडेला वजन कमी पडतंय असं वाटलं. की माझा राग होता नुसता, कुणास ठाऊक. काळा घेतला. काळ्याला तोल म्हणून पांढरा घेतला, तो ओल्या काळ्यात मिसळून राखेसारखा पसरला. मग सावरायला गेलो. दुपारी समोर नेहमीचा चिखल होता. मागून पुन्हा टकटक झाली नव्हती.

बेसिनचा नळ सोडला, साबण घेतला, बोटांवर बोटं घासू लागलो. माझेच हात बघता बघता मला तिचा हात दिसला. पाण्यात बुडवलेली, चादरीवर घासलेली बोटं. ती हात धुऊन दाखवत होती. तिने वेळेवर सांगितलं होतं, तिला जसं जमत होतं तसं, आणि मी तिला दटावलं होतं. एवढे महिने मला वाटत होतं, ती बघतच नाही.

नळ तसाच टाकून धावलो. वाडग्यात पाणी घेऊन तिच्यापाशी बसलो. चित्र गेलं याचं काही वाटत नव्हतं. ती आता सांगायची नाही, या भीतीने जीव अर्धा झाला होता.

"कळलं गं मला. गाढव आहे मी, उशिरा कळलं. एकदाच दाखव ना पुन्हा."

वाडगं तिच्या हातापाशी धरलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून चित्राकडे पाहिलं, बराच वेळ. आणि डावा हात पांघरुणात ओढून घेतला.