दोन्ही काचा

मित्रांनो, माझं पातं तुमच्या करंगळीच्या नखाएवढं आहे. तेवढ्याशा पात्याने मी शेकडो चेहरे बदलले. फोटो स्टुडिओतला खरवडायचा जुना चाकू मी. मूळचा मी शिंप्याच्या कात्रीचा तुकडा. कात्री मोडली, तेव्हा शिंप्याच्या लेकीने मला दगडावर घासून घासून बारीक केलं, लाकडी मूठ बसवली आणि लग्नानंतर सासरी नेलं. तिच्या नवऱ्याचा फोटो स्टुडिओ होता. तो फोटो काढायचा, ती ते नीटनेटके करायची. सगळे त्यांना काका-काकी म्हणायचे.

तेव्हा फोटो आधी काचेवर उमटायचा, आणि तिथे सगळा उलटा कारभार. गोरं ते काळं, काळं ते फिकट. काकी खिडकीशी बसून काच उजेडावर धरायची. चेहऱ्यावरचा काळा तीळ काचेवर फिकट दिसे, त्यावर ती पेन्सिल फिरवायची. पांढरा डाग मात्र काचेवर काळा दिसे. तो मी खरवडायचो, अगदी हळू, काकीचा श्वास रोखलेला असताना. पेन्सिलीचं काम पुसता येतं, माझं येत नाही.

म्हणून काकांचा नियम होता, प्रत्येकाच्या दोन काचा काढायच्या. एक काकीच्या हाताखाली जायची, दुसरी जशीच्या तशी फडताळात.

"आईबापांनी दिलेलं तोंड कुठेतरी शिल्लक राहू दे," काका म्हणायचे.

लोक कामाचं फार कौतुक करायचे. "काय हात आहे हो काकींचा!" म्हणायचे, पण मला ठाऊक होतं की त्यात निम्मा हात माझा. एकदा एक आजीबाई आल्या आणि बसायच्या आधीच दरडावून म्हणाल्या, "माझ्या सुरकुत्यांना हात लावशील तर बघ! ऐंशी वर्षं लागलीत त्या जमवायला." काकी पोट धरून हसली. त्या दिवशी मला काही काम नव्हतं, पण आजीबाई मला फार आवडल्या.

मग एके सकाळी एक आई तिच्या लेकीला घेऊन आली. लेक विशीची, भारी बोलकी. तिच्या ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत कोडाचा पांढरा डाग होता. लग्नासाठी फोटो हवा होता. तिचा आयुष्यातला तो पहिलाच फोटो. शाळेत वर्गाचा फोटो असला की आई तिला घरी ठेवून घ्यायची.

"काकी, डाग राहू द्या बरं का," लेक म्हणाली. "तो काढलात तर माझ्या मैत्रिणी विचारतील, ही कोण बाई?"

"गप्प बस. शहाणपणा पुरे."

"अगं आई, लग्नानंतर काय तोंडाला पदर लावून फिरू? आत्ताच बघू दे की मुलाकडच्यांना."

काकांनी दोन काचा काढल्या. लेक दोन्ही वेळा हसली, आणि हसताना तो डागही ओठाबरोबर वर सरकला.

दुसऱ्या दिवशी आई एकटीच आली. काकीने पहिली काच मला दिली. मी डाग काढला. मग आईने फडताळाकडे बोट दाखवलं.

"तीसुद्धा."

"अहो, ती तशीच ठेवतो आम्ही."

"चुकून पाहुण्यांच्या हाती गेली तर? तुम्हालाही मुलगी आहे ना काकी?"

काकीला मुलगी होती, लग्नाचीच. काका बाहेर गेले होते. मग काकीने फडताळातून दुसरी काच काढली आणि मला उचललं. मित्रांनो, माझी धार तेव्हा बोथट असती तर! पण नव्हती. दोन्ही काचांवरची हनुवटी मी साफ केली, आणि खरं सांगू, काम इतकं सफाईदार झालं म्हणून मला तेव्हा अभिमानच वाटला.

लग्न ठरलंच नाही. पावसाळ्यात लेकीला ताप आला आणि आठ दिवसांत ती गेली.

महिन्याने आई आली. तिने काकांना विचारलं, "तो दुसरा फोटो आहे ना? डागाचा?"

काकांनी फडताळातली काच उजेडावर धरली आणि काकीकडे पाहिलं. काकीने मान खाली घातली. 'तुम्हीच तर सांगितलंत' असं ती आईला म्हणू शकली असती, पण म्हणाली नाही.

"मी डाग रंगवून देते," एवढंच ती बोलली. तिने छापलेला फोटो घेतला, बारीक कुंचला पांढऱ्या रंगात बुडवला. "कुठून कुठपर्यंत होता सांगा."

"ओठापासून. नाही, जरा खाली. इथे रुंद होता… का इथे?" आईचं बोट फोटोवर फिरत राहिलं. काकी पुसायची, पुन्हा काढायची. तीन वेळा असं झालं. मग आईने बोट उचललं.

"मला आठवत नाही हो काकी. इतकी वर्षं समोर होता, पण मी तिकडे कधी बघितलंच नाही. नजर चुकवत राहिले."

काकीने कुंचला ठेवला आणि तिचा हात धरला.

"पुसा ते," शेवटी आई म्हणाली. "डोळे तरी तिचे आहेत." आणि फोटो उराशी धरून गेली.

त्यानंतर काकीने मला कुठल्याही चेहऱ्याला लावलं नाही. पेन्सिली झिजल्या, नव्या आल्या, काचा जाऊन नवे कॅमेरे आले. मी खणात गंजत पडलो. कुणी मला विसरलं म्हणून मी रडत नाही. मला फक्त ती हनुवटी आठवते. तो डाग नेमका कसा होता, कुठे वळत होता, हे आता जगात एकट्या मला माहीत आहे, आणि त्या आईला मला ते सांगता आलं नाही.

मित्रांनो, तुमच्या हातातल्या फोनमध्ये माझ्यापेक्षा किती तरी धारदार चाकू आहेत. बोट फिरवलं की चेहरा गुळगुळीत! खुशाल फिरवा, पण एक तरी फोटो हात न लावता ठेवा. आणि आज घरी गेलात की आपल्या माणसांकडे नीट बघा, जिथे नजर चुकवता तिथे आधी बघा.