न तुटलेली कांडी

विनताच्या संशोधनाचा सगळा निवाडा एका बोटभर कांडीवर येऊन ठेपला होता. जबलपुरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, लालबुंद भट्टीत, खाली वजन टांगलेली ती मिश्रधातूची कांडी सव्वा वर्ष केसाकेसाने लांबत होती. तिचे गाइड अच्युत सर. त्यांच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र म्हणे, ही अजून पाच वर्षं तुटत नाही. विनताचं मॉडेल म्हणे, दिवाळीच्या आत तुटेल. कारण साधं होतं. धातूला बळ देणारे बारीक कण सरांच्या सूत्रात जन्मभर बारीकच राहायचे. खऱ्या तापात मात्र लहान कण विरघळतात, मोठे त्यांच्या जिवावर फुगतात, आणि धातूवरची पकड सुटत जाते.

तिने आलेख दाखवला तेव्हा सर हसले. म्हणाले, "अच्छा! मग कांडीलाच ठरवू दे."

खंडेनवमीला प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा असते. सगळी यंत्रं बंद, प्रत्येकाला झेंडूची माळ. अधारतालच्या घरी नैवेद्य उरकून विनता आली, तर तिची भट्टीसुद्धा बंद! वर कुंकवाचं बोट, आत गार कांडी. मध्येच थंड झाली की चाचणी बाद, हे तिला सरांनीच शिकवलं होतं.

"सर, काहून बंद केली?"

"अगं, सणाचा दिवस. मशीनलाही आराम नको का?"

"मागच्या वर्षी तुम्हीच चालू भट्टीला फूल वाहिलं होतं. कोणाला हात लावू दिला नव्हता."

सरांनी खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला. "चलो, फिर से लगा लेना. एवढी काहून चिडून राहिली?"

फिर से! तिची फेलोशिप मार्चमध्ये संपत होती. देवाच्या आड लपलेल्या माणसाशी भांडावं तरी कसं?

तिने कांडी काढून भिंगाखाली धरली. मधोमध ती इतकी बारीक झाली होती की आणखी चार दिवससुद्धा निघाले नसते. विनता रडली ती दुःखाने नव्हे, संतापाने.

दिवाळीनंतरच्या परिसंवादात सरांनी तीच कांडी पाहुण्यांसमोर उंच धरली, बारीक झालेल्या जागेवर अंगठा ठेवून.

"सव्वा वर्ष तापवली. तुटली नाही."

टाळ्या पडल्या. प्रबंधावर सरांची सही अजून व्हायची होती. विनतानेही टाळ्या वाजवल्या.