स्कारहोमची भरती

"सात," मेरन म्हणाली, आणि तिचा स्वतःवरच विश्वास बसेना. तिनं पुन्हा मोजलं. दोघी डच बहिणी, कॅनडाचं जोडपं, ग्लासगोचा मास्तर आणि त्याची बायको, लाल कोटातली ती एकटी मुलगी. सातच. स्कारहोम बेटावर ती आठ पर्यटक घेऊन गेली होती.

"थांबा, कुणी हलू नका. तपकिरी टोपीवाले आजोबा कुठायत? मिस्टर टॅनर?"

किनाऱ्यावरच्या गोट्यांवर दम खात उभी असलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"माझ्या मागं होते की," धाकटी डच बहीण म्हणाली. "म्हणजे... थडग्यापाशी तरी होते."

"आणि वाटेवर?"

"वाटेवर मी खालीच बघत होते. पाय घसरत होते ना."

मेरननं मागं वळून बघितलं. बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मघाशी उन्हात लखलखणारं ते चिमुकलं बेट, त्यावरचा थडग्याचा हिरवा उंचवटा, बेटापर्यंत जाणारी, ओहोटीत उघडी पडणारी वाळूची वाट, सगळं धुक्यानं गिळलं होतं. समुद्रावरून येणारं धुकं ऑर्कनी बेटांवर कुणाला नवं नाही. पण आजचं चोरपावलांनी आलं होतं. खोलीएवढ्या त्या थडग्याच्या अरुंद बोळातून शेवटचा माणूस रांगत बाहेर येईतो समोरची वाट दिसेनाशी झाली, आणि भरती तोंडावर आलेली. तिनं सगळ्यांना हाकललंच म्हणा ना. तरी निम्म्या वाटेवर थांबून तिनं मागं वळून डोकी मोजली होती. आठ भरली होती.

मग तिला ते खांब आठवले. वाट चुकू नये म्हणून कडेनं रोवलेले, माणसाएवढे उंच, शेवाळानं काळे पडलेले लाकडी खांब. रांगेच्या शेवटी जरासा मागं रेंगाळलेला तो आठवा माणूस काही केल्या हलत नव्हता, हे तिला आत्ता जाणवलं. ती खांबाला माणूस समजून मोजून आली होती.



वरच्या रस्त्यावर बस उभी होती. ती चालवणारा मॅन्सी, मेरनचा धाकटा दीर, हात चोळत खाली उतरला. "काय गं मेरन, आज धुक्यातच फिरवून आणलंस वाटतं यांना? मग माझ्या बसच्या काचा कशाला पुसायला लावल्यास?"

"मॅन्सी, एक माणूस तिकडं राहिला."

त्याचं हसू तिथंच विरलं. "कोण?"

"टॅनर."

"अगं, त्यांची बायको वर बसमध्ये बसलीय! गुडघे धरलेत म्हणून..."

"माहितेय मला कुठं बसलीय ती. बचावबोटीला फोन लाव आधी."

मॅन्सी फोन कानाला लावून वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला. मेरन मात्र वाटेकडे निघाली. मघाशी जिथं ओली वाळू होती तिथं घोट्याएवढं पाणी झालं होतं. ती पुढं गेली. पाणी पोटऱ्यांना लागलं, मग गुडघ्यांना. पहिला खांब लागला, दुसरा लागला. तिसरा दिसेना. ती उभी राहिली. चारी बाजूंना एकच करडा रंग, आणि पायाखालची वाळू हळूहळू सरकत होती.

मेरन ड्रेव्हर माणसांना दगड दाखवत गेली कैक वर्षं फिरत होती. पाच हजार वर्षांपूर्वीच्या चुली, थडगी, उभ्या शिळा. तिचा नवरा एर्लेंड असल्याच एका धुक्याच्या सकाळी समुद्रात शेवंडं पकडायला लावलेले पिंजरे उचलायला गेला. होडी पालथी सापडली, तो सापडला नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात तिनं हे काम धरलं, कारण दगडांचा पाण्याशी संबंध नसतो अशी तिची समजूत होती. निम्म्या दगडांकडे पाण्यातूनच जावं लागतं हे कामावर लागल्यावर कळलं. स्कारहोमच्या वाटेवर पाऊल टाकताना तिच्या छातीत दरवेळी धडधडायचं. ते लपवायला तिनं एक विनोद बसवून ठेवला होता: "पाच हजार वर्षं तिथली मंडळी तुमची वाट बघतायत, आणखी पाच मिनिटं थांबतील, सावकाश चला." लोक हसायचे. त्या हसण्याच्या आवाजात ती वाट पार करायची.

आता हसायला कुणी नव्हतं. पाणी मांड्यांपर्यंत आलं. पुढं जायचं असं डोकं सांगत होतं आणि पाय ऐकत नव्हते. एक लाट आली, तिला किंचित उचलून पुन्हा ठेवून गेली, आणि तिच्या तोंडून एक बारीक, मांजराच्या पिल्लासारखा आवाज निघाला. मग ती वळली, आणि खांबाखांबाला मिठी मारत परत आली.

"येड लागलंय का तुला?" मॅन्सीनं तिचा दंड धरून तिला वर ओढलं. "दोन माणसं शोधायला लावतेस बोटवाल्यांना? निघालेत ते. पण धुक्यात जपून यावं लागेल म्हणतात."

"भरती चढेपर्यंत येतील?"

मॅन्सीनं चढत्या पाण्याकडे बघितलं.

"मॅन्सी, त्यांना वाटलं असेल आपण पुढंच आहोत. ते येतील मागोमाग. वाटेला लागतील ते!"

ती पाण्याच्या कडेला गेली आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडू लागली. "मिस्टर टॅनर! तिथंच थांबा! येऊ नका! वाटेवर येऊ नका!" धुकं म्हणजे ओली गोधडी, तिचा आवाज चार हातांवर जाऊन पडत होता. तरी ती ओरडत राहिली. मास्तरही ओरडू लागला. मॅन्सीनं वर जाऊन बसचा भोंगा दाबून धरला.

भोंगा ऐकून टॅनरबाई काठी टेकत खाली आल्या. छोटीशी बाई, मोत्याच्या कुड्या, अंगात पुरुषी स्वेटर. त्यांना कुणी काही सांगावं लागलं नाही. त्यांनी माणसं बघितली, पाणी बघितलं.

"विल्फ्रेड तिकडं राहिले होय?"

"बोट येतेय, मिसेस टॅनर," मेरन म्हणाली. "चूक माझी आहे. मी..."

"ते राहू दे आत्ता. तू ओरडतेयस कशाला, बाई? त्यांना ऐकू नाही येत. कानातली यंत्रं खिशात टाकून ठेवतात. वाऱ्यात शिट्ट्या मारतात म्हणे ती."

मेरनचे हात खाली आले. मास्तर गप्प झाला. वर मॅन्सीचा भोंगा तेवढा वाजत होता, एखाद्या चुकलेल्या गाईसारखा.

पाण्यानं दोन गोटे बुडवले. तिसरा बुडवला. मेरननं पुन्हा हात तोंडाशी नेले.

"थांबा! तिथंच थांबा! येऊ नका!"

"अगं, ऐकू येत नाही म्हटलं ना त्यांना."

"हो," मेरन म्हणाली. "तरीपण."

टॅनरबाईंनी तिच्याकडे निरखून बघितलं. मग काठी गोट्यांमध्ये घट्ट रोवली आणि त्याही ओरडू लागल्या. "विल्फ्रेड! हलायचं नाही! सांगून ठेवते!" पन्नासेक वर्षं त्याच सुरात बोलत आल्यासारखा खणखणीत आवाज.

दोघी आळीपाळीनं ओरडत राहिल्या. मेरनचा घसा फाटला, आवाजाला चिरा पडल्या. आपण काय ओरडतोय याचं भान तिला उरलं नाही. डोळ्यांपुढं एकच चित्र: टोपी घातलेला म्हातारा बायकोकडे जायचं म्हणून एकेक पाऊल पाण्यात टाकतोय, आणि कुणीतरी पुढं आहे या भरवशावर चालतोय.

"येऊ नको! एर्लेंड! मागं फिर! मागं फिर रे, एर्लेंड!"

तिला स्वतःला ते कळलं नाही. भोंगा सोडून खाली आलेला मॅन्सी जागच्या जागी थबकला. त्यानं टोपी काढली आणि हातात नुसती धरून ठेवली.

"त्यांचं नाव विल्फ्रेड आहे गं," टॅनरबाई हळूच म्हणाल्या.

मेरननं मान हलवली. त्यानंतर तिच्या तोंडून फक्त हवा बाहेर येत राहिली.

पुष्कळ वेळानं डाव्या हाताला इंजिनाची घरघर ऐकू आली. ती जवळ आली, लांब गेली, थांबली. ती थांबल्यावरची शांतता सगळ्यांत वाईट होती. लाल कोटातली मुलगी रडू लागली. थोरल्या डच बहिणीनं तिला जवळ घेतलं. टॅनरबाई सरळ उभ्या होत्या, फक्त त्यांच्या कानातल्या कुड्या थरथरत होत्या. मग घरघर पुन्हा सुरू झाली, वाढत गेली, आणि धुक्यातून नारिंगी रंगाचा एक डाग फुटला.

बोटीत मधोमध टॅनर बसले होते. अंगाभोवती घोंगडी, डोक्यावर तपकिरी टोपी तशीच.

"आत सापडले," बोटीतला गडी हसत ओरडला. "थडग्यात! पाठ भिंतीला लावून बसले होते, सायबासारखे!"

टॅनर उतरले. बायकोनं आधी त्यांच्या दंडावर एक फटका मारला, मग घोंगडी गळ्याशी नीट आवळली. त्यांनी खिशातून यंत्रं काढून कानात बसवली.

"चष्मा राहिला होता आत," ते सगळ्यांची माफी मागितल्यासारखे म्हणाले. "आणायला गेलो. बाहेर आलो तर काही दिसेना. थोडा वाटेवर आलो, पायाला पाणी लागलं. भीती वाटली हो. इतकी भीती वाटली की मागं फिरून आत जाऊन बसलो. लाज वाटते सांगायला."

"भ्यालात तेच बरं केलंत," टॅनरबाई म्हणाल्या. "चला आता वर. मॅन्सीकडे गरम चहा आहे."

मंडळी बसकडे निघाली. मेरन जागची हलली नव्हती. बोट किनाऱ्याला लागताना तिनं नजर दुसरीकडे वळवली होती.  मॅन्सीनं आपला जाड कोट तिच्या खांद्यावर टाकला आणि शेजारी उभा राहिला.

चार पावलं गेलेले टॅनर परत आले. "एक विचारायचं राहिलं," ते म्हणाले. "आत बसलो होतो तेव्हा मनात येत होतं. त्या थडग्यात नवरा-बायकोला शेजारी शेजारी ठेवत असत का हो?"

हा प्रश्न कुणी ना कुणी विचारायचंच, आणि त्याचं उत्तर तिला पाठ होतं. पण आज आवाज नव्हता. ती त्यांच्या कानाजवळ वाकली.

"सगळ्यांची हाडं एकत्र मिळाली," ती कुजबुजली. "कुठली कुणाची ते सांगता येत नाही. पण एकत्र होती."

टॅनरनी मान डोलवली आणि ते वर निघाले. मेरन खाली गोट्यांवर बसली. तिनं एक बूट काढला, उलटा धरला, आणि त्यातलं समुद्राचं पाणी थेंब न् थेंब निथळेपर्यंत तसाच धरून ठेवला.