अंगणावरचे काचेचे छप्पर

जर्मनीतल्या येना शहरातल्या त्या वास्तुरचनेच्या कचेरीत मार्चचा उजेड कधी घाईने येत नसे. आधी समोरच्या इमारतीचे धुराडे पिवळसर होई, मग खिडकीची चौकट, मग हीटरवर वाळत टाकलेले कुणाचे तरी हातमोजे. शेवटी तो हृषिकेशच्या टेबलावर उतरे आणि कीबोर्डवरची धूळ तेवढी दाखवून तिथेच रेंगाळे. आज हृषिकेशला ते रेंगाळणे सोसवेना. त्याने पुन्हा घड्याळ पाहिले.

नऊ वाजता चीनमधल्या एका गावाची रहिवासी समिती पडद्यावर येणार होती. तिथल्या जुन्या चौसोपी घराचे गावकेंद्र करायचे होते. मधल्या अंगणावर काचेचे छप्पर घालावे, ही कल्पना हृषिकेशची. त्याच्या नावाने पुढे गेलेली पहिलीच. आज समितीने नकार दिला, की ती संपली.

"अरे, बस ना," शेजारच्या टेबलावरून उल्का म्हणाली. "येरझारा घालून छप्पर उभं राहत नाही."

"मॉडेल पाहिलंस?"

"पाहिलं. आल्झो, म्हणजे इतकं स्वच्छ आहे, की चपला काढून आत जावंसं वाटतं!"

पडदा उजळला. समितीच्या शेनबाई, सत्तरीच्या निवृत्त शिक्षिका, मॉडेलमधल्या त्या मोकळ्या अंगणाकडे बराच वेळ पाहत राहिल्या. मग काही बोलल्या.

दुभाषा म्हणाला, "बाई विचारतात, आमची चूल कुठे गेली? थंडीत पाच घरांचा स्वयंपाक अंगणात एकत्र होतो. काचेखाली धूर कोंडेल."

"मोजणीत चूल नव्हती का रे?" उल्का कुजबुजली आणि तिने मोजणीची मूळ फाइल उघडली. लेसरने टिपलेल्या लक्षावधी ठिपक्यांत सगळे होते: चूल, पत्र्याचा आडोसा, दोरीवरचे कपडे, बाकावरच्या दोन धूसर आकृत्या. मोजणी आली की जे हलणारे, तात्पुरते, ते कचरा म्हणून आधी पुसायचे, ही कचेरीची रीत. हृषिकेशने दोन दिवस बसून पुसले होते. पण चूल विटांची होती, जमिनीत पक्की रोवलेली.

"बोल की. थांबल्यात त्या."

मोजणीदारांची चूक म्हटले असते, तर दुरुस्तीला मुदत मिळून छप्पर कदाचित वाचले असते. वाक्य ओठांपर्यंत आले होते. त्याने माइक सुरू केला.

"मोजणी बरोबर होती," तो म्हणाला.

चूल त्याला दिसली होती. छपराच्या आड येत होती, म्हणून त्याने ती पुसली होती.